लॉन मी पेटवलं

मला वाचवलं अक्काने. बाकीचं सगळं नंतर सांगतो, पण हे आधी लिहून ठेवतो. माझी शाळा सातवीच्या अर्ध्यावर सुटली, त्यामुळे लिहिताना मी कुठे भरकटेन याचा नेम नाही. मध्येच कुणी हाक मारली आणि कागद तसाच राहिला, तर निदान ही एक ओळ तरी झालेली असावी. अक्का म्हणजे जळगावात नानांच्या बंगल्यामागच्या वस्तीत राहणारी, शेळ्या पाळणारी, दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणीला जाणारी एक विधवा बाई. सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. तिने मला वाचवलं म्हणजे मला मारलं. खराट्याने मारलं, माझ्याच खराट्याने, सगळ्या वस्तीसमोर. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणाऱ्याची काहीतरी चूक होतेय. नाही होत. झालं ते असंच झालं.

मी कोकणातला. खेडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. सहामाही परीक्षेनंतर बापाने दप्तर खुंटीला लावलं आणि माझ्या हातात कोयती दिली. पंचविशीपर्यंत भात लावलं, लाकडं तोडली, लग्न झालं, आणि मग मुंबईच्या फळबाजारात हमाली धरली. तिथे केळीच्या ट्रकवर नानांची गाठ पडली. नाना सावद्याकडचे केळीचे व्यापारी. घड उतरवताना मी एकही फणी मोडू दिली नाही, हे त्यांनी उभं राहून पाहिलं आणि विचारलं, कुठला रे तू. कोकणातला म्हटल्यावर याला झाडाझुडपांचं सगळं कळत असणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं. जळगावात नवा बंगला बांधलाय, पुढे लॉन केलंय, राहायला खोली देतो, सांभाळशील का? मी हो म्हटलं. लॉन म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. गाडीत बसल्यावर मी ड्रायव्हरला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, गुरांना न घालता राखायचं गवत. मला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. बंगला गावाबाहेर होता, शेतं मोडून प्लॉट पाडायला सुरुवात झाली होती त्या बाजूला. पुढच्या अंगणापासून एका बाजूने थेट मागच्या भिंतीपर्यंत आमच्या दोन खाचरांएवढी जागा, आणि तिच्यात नुसती हरळी. नानांनी इंदूरच्या कुठल्याशा हॉटेलात तसलं गवत पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं होतं. चप्पल घालून त्याच्यावर कुणी चालायचं नाही. त्यांच्या मुलीसुद्धा कडेकडेने जायच्या.

माती काळी, कपाशीची. पावसात ती पायाला धरून ओढायची, उन्हात फाटायची. आमची लाल जांभ्याची माती कधी अशी वागत नाही. इथे मार्चपासून भेगा पडायच्या, आणि मेपर्यंत त्या अशा रुंद व्हायच्या की एकदा माझं खुरपं आत पडलं आणि कोपरापर्यंत हात घालूनही सापडलं नाही. भेगांवर हरळी वाढलेली असायची, त्यामुळे वरून काही दिसायचं नाही. पाय मुरगळला की कळायचं.

काम म्हणाल तर ते काम नव्हतंच, रोजची मारामारी होती. लव्हाळा म्हणून एक गवत असतं. वरून पातं उपटलं तर खाली काळी गाठ तशीच राहते आणि आठ दिवसांत एकाची चार पाती वर येतात. मी पोटावर पडून एकेक गाठ खोदून काढायचो, विटेवर ठेवायचो आणि दुसऱ्या विटेने ठेचायचो. नानांनी तसं सांगितलं होतं. नुसतं टाकू नको, ठेच, म्हणायचे. कुंपणाकडून गाजरगवत यायचं. ते उपटून उपटून माझ्या मनगटापासून दंडापर्यंत चट्टे उठले, फुटले, त्यातून पाणी वाहू लागलं. रात्री खाजवून झोप लागायची नाही. पण खोली पक्की होती, दोन वेळचं जेवण होतं, आणि घरी मनिऑर्डर जात होती. त्यामुळे मी कुणाजवळ कुरकुर केली नाही. मला सारखं वाटायचं, एक चूक झाली की हे सगळं जाईल.

तसं वाटायला कारणही होतं. नानांचा राग मी बाजारात पाहिला नव्हता. इथे पाहिला. ड्रायव्हरने गाडी मागे घेताना चाक हरळीवर चढवलं, तर त्याला त्यांनी खाली उतरवून, गेटमध्ये उभं करून चार मुस्काटात मारल्या. त्याची पोरं शाळेतून येत होती, ती बघत उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका मोकाट कुत्रीने गारव्यासाठी लॉनमध्ये खड्डा उकरला आणि त्यात पोट टेकून झोपली. मी तिला हाकलायला निघालो होतो. नाना माझ्या आधी गेले. हातात पहार होती. एक घाव पाठीवर बसला, तेवढ्यानेच ती उठेनाशी झाली होती, तरी ते थांबले नाहीत. मग घाम पुसत मला म्हणाले की तिनेच उकरलाय खड्डा, तिथेच पूर तिला, खत होईल. मी पुरली. पुढे त्या जागेवरची हरळी बाकीच्यापेक्षा गडद आली. मशीन मी तिथून भरभर ढकलत न्यायचो.

मशीन म्हणजे दोन चाकांचं, मध्ये पात्यांचा रूळ असलेलं, हाताने ढकलायचं. आठवड्यातून एकदा ते फिरवलं की पाटीभर गवत निघायचं. नाना म्हणायचे, बाहेर फेकून दे. मी ते मागच्या भिंतीवरून अक्काला द्यायचो. तिची ओळख अशी झाली. भिंत छातीएवढी, पलीकडे तिचं पत्र्याचं घर, शेळ्यांचा छपराचा गोठा आणि त्याला लागून पऱ्हाटीचा ढीग. कपाशी वेचून झाली की लोक उभी झाडं उपटतात, त्या काड्यांना इकडे पऱ्हाटी म्हणतात. वर्षभराचं सरपण. वस्तीत प्रत्येक दाराशी असा एक ढीग असायचा, पुरुषभर उंच.

अक्काची जीभ तिखट. पाटी घेताना ती मला दर वेळी काहीतरी ऐकवायची. म्हणायची, तुझ्या सासऱ्याचं गवत बरं आहे, माणसांआधी पाणी पितं. मी म्हणायचो, सासरा नाही, मालक. ती म्हणायची, मालकाला इतकं कुणी भीत नाही, सासऱ्यालाच भितात. तिची भाषा मला अर्धीच कळायची. शे म्हणजे आहे, बठ्ठं म्हणजे सगळं, कसाले म्हणजे कशाला. मी काही उलटं समजलो की ती हसायची, आणि मग तेच पुन्हा हळू बोलायची, बहिऱ्याला सांगतात तसं. त्या वर्षभरात माझ्याशी हळू बोललेलं माणूस तेवढं एकच.

मे महिन्यात बोअरचं पाणी खाली गेलं. सकाळी घागरभर येऊन मोटर कोरडी फिरायची. वस्तीतल्या बाया पहाटे कुठून कुठून हंडे आणायच्या. हरळी आधी टोकाला पिवळी पडली, मग पायाखाली कुरकुर वाजायला लागली. ड्रायव्हर म्हणायचा, कोकण्या, येताना थोडा समुद्र आणायचा होतास. मी हसायचो, पण रात्री उठून हरळी हाताने चाचपून बघायचो. कारण जूनअखेर नानांच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा होता आणि तो लॉनवर करायचं ठरलं होतं. केळीची कटाई चालू होती म्हणून नाना दोन आठवडे सावद्याला निघाले. गाडीत बसण्याआधी मला बोलावलं, बुटाने हरळी उकरून दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "मी येईन तेव्हा हिरवं पाहिजे. नाहीतर त्या कुत्रीच्या शेजारी जागा आहे."

ते ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

मी चार दिवस विचार केला. जेवण जाईना. आणि मग मला घरची आठवण झाली, म्हणजे राब आठवला. आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर माती असा थर लावायचा, वाऱ्याची दिशा बघून पेटवायचा. सगळं काळं होतं. पण पहिल्या सरीला त्या काळ्या जागेतून जे हिरवं येतं, तसं हिरवं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. बाप म्हणायचा, जमिनीला भाजल्याशिवाय ती जागी होत नाही. आणि हरळी तर मरणारी जातच नव्हे. वरचं वाळलेलं जळून गेलं तर दोन-चार घागरींतही खालून कोवळं फुटेल, आठ-दहा दिवसांत हिरवं दिसेल. मला हे इतकं पटलं की इतके दिवस सुचलं कसं नाही याचंच आश्चर्य वाटलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ड्रायव्हर हसला असता, आणि अक्काने काय म्हटलं असतं ते मला आता पक्कं ठाऊक आहे.

मी सगळं बापासारखं केलं. उजाडताच उठलो. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. चारी बाजूंनी हातभर रुंद पट्टा खराट्याने झाडून मोकळा केला, भिंतीकडचा तर दोन हात केला. दोन बादल्या पाणी भरून ठेवलं. वाऱ्याची दिशा बघायला माती उडवली, ती सरळ खाली पडली. मग कडेने काडी लावली.

दहा मिनिटांत आटपलं. ज्वाळा गुडघ्याएवढीसुद्धा झाली नाही. सरसर करत सगळं लॉन काळं झालं आणि धूर सरळ वर गेला. नानांच्या घरातली बाईमाणसं माहेरी गेलेली, आत फक्त स्वयंपाकीणबाई होत्या. त्यांनी खिडकीतून विचारलं, तर मी सांगितलं, औषध केलंय. बादल्यांतलं पाणी शिंपडलं, धूर निघत नाही हे पाहिलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मला वाटलं, मी सुटलो.

मला त्या मातीची ओळख नव्हती. आमची जमीन भाजली की आग वर असते आणि वरच विझते. इथे ती भेगांत उतरली. दोन वर्षांच्या वाळक्या मुळ्या, खाली पडलेल्या काड्या, मशीनचा साचलेला भुगा, सगळं त्या भेगांत भरलं होतं, आणि मी शिंपडलेलं पाणी वरच्यावर सुकून गेलं होतं. आग खाली धुमसत राहिली. दहा-अकराच्या सुमाराला त्या भागात उन्हाळ्यात जो तापलेला वारा सुटतो, तो सुटला. मी मागच्या नळाशी होतो. वळून पाहिलं तर काळ्या जमिनीतून ठिकठिकाणी लाल रेघा दिसत होत्या, आणि वारा आला की त्या रेघा फुलत होत्या.

भिंतीशी वाळलेल्या गवताचा ढीग होता. अक्काच्या शेळ्यांसाठी मी गेले दोन आठवडे साठवलेला. पाणी नव्हतं म्हणून गवत कमी निघायचं, तेव्हा म्हटलं होतं, एकदाच पाटीभर देऊ. ठिणगी त्याच्यावर पडली. मी बादली घेऊन धावलो, बादली रिकामी होती. ढीग भिंतीएवढा पेटला, वाऱ्याने उचलला आणि पलीकडे फेकला.

पऱ्हाटी पेटते तेव्हा फटाक्यांच्या माळेसारखी वाजते. मी भिंतीवरून उडी मारली तोवर अक्काचा ढीग वरपासून खालपर्यंत एकच ज्वाळा झाला होता आणि गोठ्याच्या छपरालाही लागलं होतं. आत शेळी ओरडत होती. शेळीला इतकं माणसासारखं ओरडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. बाकीच्या चरायला गेल्या होत्या, नुकतीच व्यालेली म्हणून हीच एक दोन पिल्लांसह दाव्याला बांधून ठेवली होती. मी आत शिरायला गेलो, छपराचा एक वासा माझ्या हातांवर पडला. कातडं सुटून आलं. मी तरी पुढे झालो, हे खरं आहे. एक पिल्लू कसं कुणास ठाऊक माझ्या हाताला लागलं, ते बाहेर फेकलं. मग छप्पर बसलं आणि ओरडणं थांबलं.

वस्तीतले लोक धावून आले. पाणी कुणाकडेच नव्हतं. माती फेकून, गोणपाटं आपटून, शेजारचा ढीग पहारींनी ओढून लांब करून त्यांनी आग विझवली. आणखी दोन घरांचं सरपण गेलं. माणूस एकही भाजलं नाही, माझे हात सोडले तर. आणि मग सगळे थांबले, आणि कुणीतरी मोठ्याने विचारलं की हे लागलं कसं.

मी गप्प राहिलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, मी लावली. लॉनला लावली होती.

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कुठे बसली आठवत नाही. मी खाली पडलो आणि पाय मोजायला लागलो. मार खाताना मी असं काहीतरी मोजत राहतो, लहानपणापासूनची सवय. चपला, अनवाणी, एक बूट. बुटाने बरगडीत लाथ बसली तेव्हा श्वास आत अडकला तो परत येईना. कुणीतरी म्हणालं, यालाही त्या निखाऱ्यात टाका, शेळीच्या जोडीला. आणि मला दोघांनी पायांना धरून खरंच ओढलं. पाठीखालची माती गरम व्हायला लागली. मला आई आठवली, बायको आठवली, आणि दोघींना हे कोण आणि कसं कळवील असा विचार आला. पत्ता कुणाकडेच नव्हता.

तेव्हा अक्का आली. ती शेतावर गेलेली होती, धूर बघून धावत आली होती. तिने आधी गोठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. भिंतीशी माझा खराटा पडला होता, आग विझवताना मीच आणलेला, तो तिने उचलला आणि लोकांना दोन्ही कोपरांनी बाजूला सारत मधोमध येऊन उभी राहिली.

"मनी पऱ्हाटी जयनी, मनी बकरी जयनी," ती म्हणाली. "याले मी मारसू. दुसरा कोन्ही हात लावाना नई."

आणि तिने मला मारायला सुरुवात केली. खराट्याच्या मुठीकडून नाही, काड्यांकडून. पाठीवर, मांड्यांवर, कुल्ल्यांवर. फडाफड आवाज व्हायचा, कातडं सोलायचं, रक्त यायचं. शिव्या देत होती, माझ्या सात पिढ्यांच्या, कोकणाच्या, समुद्राच्या. पण डोक्यावर एकदाही नाही. जळलेल्या हातांवर एकदाही नाही. आणि ती मध्ये उभी असल्यामुळे दुसऱ्या कुणाचा पाय माझ्यापर्यंत पोचत नव्हता. हे मला तेव्हाच कळलं. मार खाता खाता कळलं, आणि मी ओरडायला लागलो. आधी ओरडलो नव्हतो. तिला ते हवं होतं असं मला वाटलं. मी जितका मोठ्याने ओरडलो तितके लोक मागे सरकले.

त्या वस्तीची रीत होती, ज्याचं नुकसान त्याचा हात. भांडण कुणाचंही असो, पहिला हक्क त्याचा, आणि त्याचा राग संपल्याशिवाय दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. आणखी दोन घरांचं सरपण गेलं होतं, पण जीव गेले होते ते अक्काच्या गोठ्यातले, शेळीचा आणि पिल्लाचा. म्हणून तेही थांबले. अक्काने हात दुखेपर्यंत मारलं. मग धापा टाकत म्हणाली, बकरी गेली, आता याला तिच्या जागी बांधते, दूध देईपर्यंत सोडत नाही. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी हसलं. त्या हसण्याबरोबर माझ्या अंगातून काहीतरी सुटून गेलं आणि मी मुतलो. हे लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती.

तिने खरंच बांधलं. दाराशी कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याला, शेळीच्या दाव्याने, कमरेभोवती. गाठ अशी मारली होती की मी नुसता हिसका दिला असता तरी सुटली असती.

दुपारी नाना आले. स्वयंपाकीणबाईंनी फोन केला होता. आधी त्यांनी लॉन पाहिलं असावं, कारण वस्तीत शिरताना त्यांच्या हातात पहार होती. ड्रायव्हर मागे, मान खाली घालून. नानांनी मला पाहिलं आणि अक्काला म्हणाले, सोड त्याला, माझा नोकर आहे, माझ्या ताब्यात दे. आवाज तसाच, शांत. मी झाडाला पाठ लावली. पाठ सोललेली होती, तरी लावली.

अक्का उठलीसुद्धा नाही. ती उंबऱ्यात बसून वाचलेल्या पिल्लाला बाटलीने दूध पाजत होती.

"हाऊ मना गुन्हेगार शे, नाना, तुम्हना नई," ती म्हणाली. "आग तुम्हना बंगलामाईन उनी. याले लई जावानं व्हई, ते पहिले तीन घरेस्ले जबाब द्या."

आग बंगल्यातून आली, याला न्यायचं तर आधी तीन घरांना उत्तर द्या, हे ऐकून वस्तीतले पुरुष एकेक करून बाहेर येऊन उभे राहिले. सकाळी मला ओढणारे तेच. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण ते उभे होते, आणि आता त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, नानांकडे होतं. नानांनी सगळीकडे पाहिलं. नोकर आपला म्हटला तर आगही आपली होते, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार, व्यापारी माणूस. ते म्हणाले, हा माझा कुणी नाही, सकाळीच काढून टाकलाय. पहार जमिनीवर आपटली आणि निघून गेले. ड्रायव्हरने जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. संध्याकाळी तो माझी पेटी भिंतीवरून ठेवून गेला.

अंधार पडायच्या आत अक्काने दावं सोडलं आणि मला घरात घेतलं. भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर, खाली एक दिवा. माझ्या हातांना तिने तेलात हळद कालवून लावली, आणि सोललेल्या पाठीलाही तीच लावली. मग कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे ठेवला. माझी बोटं वळत नव्हती. तिने तुकडे करून भरवले. मी म्हटलं, अक्का, शेळी. ती म्हणाली, "खाय."

तिला शेळीचं दुःख झालं नव्हतं असं नाही. ती पहाटे गोठ्याच्या राखेत बसून एकटीच रडत होती, आणि मी जागा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्या शेळीच्या दुधावर तिचं घर चालत होतं, तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. तरी उजाडताच तिने मला स्टँडवर नेलं, आणि वाटेत माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत राहिली, कुणी पाहिलं तर तीच मला सोडवून नेतेय असं दिसायला नको म्हणून. तिचा भाऊ सोनगीरला हायवेवर पंक्चरचं दुकान चालवायचा. त्याच्या नावाची चिठ्ठी तिने कुणाकडून तरी लिहून घेतली होती. एस.टी. सुटताना मी खिडकीतून हात जोडायला गेलो, हात जोडता येईनात. ती म्हणाली, "रडू नको, भो. जाय."

तिच्या भावाने मला महिनाभर दुकानात ठेवलं आणि हात बरे झाल्यावर धुळ्यात एका रोपवाटिकेत लावून दिलं. तेव्हापासून मी धुळ्यातच आहे. बायकोला घेऊन आलो, पोरं इथल्या शाळेत जातात, माझ्यापेक्षा पुढच्या वर्गात. लोकांच्या अंगणात मी हिरवळ लावून देतो. काळ्या मातीत आधी वाळू आणि शेणखत मिसळून भेगा भरून घेतो, आणि मालकाने मे महिन्यात कितीही आरडाओरडा केला तरी पिवळं ते पिवळंच राहू देतो. बिडी ओढणारा मजूर मी कामाला घेत नाही. रात्री घरचा स्टोव्ह विझलाय का हे तीनदा बघतो. बायको चिडते. तिला मी सगळं सांगितलेलं आहे, फक्त मी कसा ओरडत होतो ते सांगितलेलं नाही.

नानांचं पुढे ड्रायव्हरकडून कळलं. साखरपुडा गच्चीवर झाला. पहिला पाऊस पडल्यावर हरळी काळ्या जागेतून म्हणे अशी हिरवी उठली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. नानांनी दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी मजूर लावून तिच्यावर फरशी टाकली.

अक्काने ती जागा सोडली. वस्ती उठली, तिथे प्लॉट पडले. ती आता धरणगावला लेकीकडे असते, सोनगीरचा भाऊ सांगतो. गुडघे गेलेत, जीभ तशीच आहे म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मी धरणगावच्या स्टँडवर उतरलो होतो, पिशवी भरून. पंधरा मिनिटं उभा राहिलो. तिने ओळखलं नाही तर काय, ओळखलं आणि शेळीची आठवण झाली तर काय, असं मनात येत राहिलं आणि आलेल्या गाडीने परत फिरलो. मार खायला मी भ्यालो नव्हतो इतका त्या दिवशी भ्यालो.

पण हे आता लिहून झालं आहे, आणि लिहून दिलेलं मोडता येत नाही. अक्का, मी येणार. पुढच्या उन्हाळ्यात नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. लेकीच्या घरापुढे अंगण आहे असं ऐकतो, उघडं, सावली नसलेलं. ते मी माझ्या हातांनी करून देईन. भेगा भरीन, झाडं लावीन, तू बसशील तिथे सावली करीन, आणि ती झाडं धरेपर्यंत तिथेच राहून पाणी घालीन. एक विणीची शेळी दावं धरून घेऊन येईन. तू शिव्या दे, हवं तर आणखी एकदा मार, मी ओरडणार नाही. पण येणार. एवढं ऋण घेऊन मी मरणार नाही.